गरीब पेशंट बरा राहिला तर पैसे कुणाला मिळतात?

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडचे ऑक्सिमीटर संपले होते. शेजारच्या काकांनी कुठून तरी दोन मिळवले, एक आम्हाला दिला, आणि पुढचे पंधरा दिवस घरात त्या चिमट्याचं राज्य होतं. बाबांच्या बोटाला लावायचा, आकडा स्थिरावेपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, मग वहीत लिहायचं. सकाळी ९५, दुपारी ९४, रात्री पुन्हा ९५. बोट गार असेल तर चोळा, नखाला मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, अशा सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर फिरत होत्या. बाबांचा रंग चांगलाच काळा. कातडीच्या रंगाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक साधी तुलना छापली होती. ज्या पेशंटच्या बोटावर यंत्र ९२ ते ९६ दाखवत होतं, त्यांच्या धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन खरोखर किती निघाला, एवढंच त्यांनी पाहिलं. गोऱ्या पेशंटपैकी ३.६ टक्के प्रत्यक्षात ८८ च्या खाली होते. कृष्णवर्णीय पेशंटपैकी ११.७ टक्के. म्हणजे यंत्र म्हणतंय ठीक आहे आणि माणूस आतून गुदमरतोय, असं काळ्या माणसाच्या बाबतीत तिपटीनं जास्त.

कारण अवघड नाही. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा उजेड आरपार सोडतो आणि कुठला किती शोषला गेला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. कातडीतलं मेलॅनिनही उजेड शोषतं. त्याचा हिशोब यंत्रात नीट धरला नसेल तर आकडा फसवा येणार. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेचे, एफडीएचे, २०१३ चे निकष काय होते? यंत्राच्या चाचणीत गडद कातडीचे किमान दोन जण, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. दहा जणांवर चाचणी केली तर दोन काळी माणसं पुरली. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएनं नव्या निकषांचा मसुदा आणला, त्यात ही संख्या १५० लोकांवर गेली आणि त्यांत सगळ्या छटांची कातडी हवी असं म्हटलं.

यात कुणी ठरवून कुणाचं वाईट केलेलं नाही. यंत्र बनवणाऱ्यांच्या खोलीत तो प्रश्न विचारणारं माणूसच नव्हतं. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत कृष्णवर्णीय उद्योजकांनी आरोग्याच्या क्षेत्रात ज्या कंपन्या काढल्या, त्यांतल्या बऱ्याच या रिकाम्या खुर्चीतून निघाल्या आहेत. त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत 'अ‍ॅप' आणि 'निधी उभारला' एवढंच असतं. मला त्यातला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ज्या पेशंटकडे पैसे नाहीत, ज्याचा डॉक्टरांवर विश्वास नाही, त्याच्यासाठी काढलेली कंपनी चालते कशी? अ‍ॅप हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

बाळंतपणापासून सुरुवात करू, कारण तिथे फरक सगळ्यात उघडा दिसतो. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या बाळंतिणींचे मृत्यू होते १४.५ आणि कृष्णवर्णीयांचे ५०.३. हे गरिबीमुळे असेल, असं कुणालाही वाटेल. पण तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं, सीडीसीनं, २००७ ते २०१६ चे मृत्यू शिक्षणानुसार वेगळे काढले, तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय बायकांमधलं प्रमाण पदवीधर गोऱ्या बायकांच्या ५.२ पट निघालं. शिक्षणानं दरी बुजली नाही. आणखी एक उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. तिला पूर्वी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे काय होतंय ते तिला कळलं. सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करायचं औषध द्या, असं तिनं सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई गोंधळली असावी. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही. शेवटी सीटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. पैसा, प्रसिद्धी, स्वतःच्या शरीराची बारीक माहिती, सगळं असून ही गत.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणतात आणि ओल्या बाळंतिणीला चाळीस दिवस एकटं सोडत नाहीत. अमेरिकेत मात्र बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जाते आणि डॉक्टरांची पुढची भेट रिवाजानं सहा आठवड्यांनी. गर्भारपण आणि बाळंतपणाशी निगडित मृत्यूंपैकी ५३ टक्के प्रसूतीनंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळात झाले, असं सीडीसीच्या २०१७ ते २०१९ च्या पाहणीत दिसलं. आणि एकूण मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्यासारखे होते. म्हणजे लेबर रूमचं दार बंद झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि त्या वेळी तिच्याकडे बघायला कुणी नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाची फाइल एका संगणकात, बाळाच्या डॉक्टरची दुसऱ्यात, स्तनपान शिकवणाऱ्या बाईच्या नोंदी तिसरीकडे. कुणाचं कुणाला कळत नाही.

लॉस एंजेलिसच्या मेलिसा हॅना यांनी नेमकी हीच फट धरली. त्यांची आई लिंडा या नर्स, आयुष्य बाळंतिणींमध्ये गेलेलं. मायलेकींनी मिळून 'माहमी' नावाची कंपनी काढली. आई, बाळ, डॉक्टर, नर्स, दूला या सगळ्यांना एका धाग्यात ओवायचं आणि बाळंतिणीला घरी गेल्यावरही कुणीतरी विचारत राहायचं, असं तिचं काम. दूला म्हणजे बाळंतपणात आणि नंतर सोबत करणारी, आधार देणारी बाई. ती डॉक्टर नसते, सुईणही नसते. माहमीला २०१९ मध्ये सुमारे ३० लाख डॉलर मिळाले आणि पैसे देणाऱ्यांत सेरेना विल्यम्सही होती. तिनं हे पैसे का घातले, ते सांगायची गरज नाही.

दुसरा प्रयोग याहून साधा. किंबर्ली सील्स अ‍ॅलर्स या पत्रकार. त्यांच्या अ‍ॅपचं नाव 'अर्थ', म्हणजे इंग्रजीतल्या 'बर्थ'मधला ब गाळलेला. ब हा बायसचा, पूर्वग्रहाचा. (मराठीत त्या नावाचा आपोआप वेगळाच अर्थ निघतो, तो त्यांना कुणी सांगितला असेल का कोण जाणे.) हॉटेलबद्दल लिहितो तसं इथे बायका आपल्या बाळंतपणाबद्दल लिहितात: दुखतंय म्हटल्यावर ऐकलं का, नकार दिल्यावर मान ठेवला का. कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर बायकांनी, त्यांच्यासारख्याच बायकांसाठी. पण निव्वळ परीक्षणं गोळा करून भागत नाही. तीच माहिती एकत्र करून रुग्णालयांसमोर ठेवायची आणि तुमच्याकडे काय चुकतंय ते दाखवायचं, हा त्याचा पुढचा भाग. रुग्णालयाच्या सरासरी समाधानाच्या आकड्यात ज्या बायका बुडून जातात, त्यांचा आवाज इथे वेगळा ऐकू येतो.

हे वाचताना आपल्याला गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई, आठवल्याशिवाय राहत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात उभी राहणार. अमेरिकेतल्या कंपन्या जे विकायला निघाल्यात, त्याचा गाभा आपल्याकडे सरकारी परिपत्रकात आहे. यात छाती फुगवण्यासारखं फार नाही. या सहा फेऱ्यांचे आशाताईला मिळून २५० रुपये ठरले आणि मानधनासाठी तिला आझाद मैदानात बसावं लागतं. पण काम कुणी करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सुटलेला आहे. अडतं ते पैसे कुणी द्यायचे, इथे.

आता त्याच मुद्द्यावर येतो, आणि इथे जरा थांबावं लागेल.

अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आहे, १९६५ पासून. केंद्र आणि राज्य मिळून पैसे घालतात. सुमारे सात कोटी लोक त्यात आहेत आणि देशातल्या दर दहांतली सुमारे चार बाळंतपणं त्याच पैशातून होतात. मेडिकेड डॉक्टरांना खासगी विम्यापेक्षा बरेच कमी पैसे देतं, त्यामुळे अनेक डॉक्टर हे पेशंट घ्यायला नाखूश. बहुतेक राज्यं मेडिकेडचा कारभार खासगी विमा कंपन्यांकडे सोपवतात: माणशी महिन्याला इतके पैसे घ्या आणि यांची काळजी घ्या.

आपल्याकडे बांधकामावर काम दोन प्रकारे दिलं जातं, नगावर किंवा उक्तं. नगावर म्हणजे जितक्या विटा लावल्या तितके पैसे. उक्तं म्हणजे भिंत उभी करून द्या, ठरलेली रक्कम घ्या, तुम्ही कसं करता ते तुम्ही बघा. डॉक्टरकीचा धंदा बहुतांशी नगावर चालतो: तपासणी केली की पैसे, ऑपरेशन केलं की पैसे. पेशंट आजारीच पडला नाही तर कुणालाच काही मिळत नाही. या नव्या कंपन्या गरीब पेशंटची तब्येत उक्ती घेतात.

समजा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली साठीची एक बाई आहे. मधुमेह, दमा, एकटी राहते. वर्षातून पाच वेळा अँब्युलन्सनं इमर्जन्सीत जाते आणि तिच्यावर वर्षाला ३०,००० डॉलर खर्च होतात. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) कंपनी विमा कंपनीला म्हणते, तिची सगळी जबाबदारी आमच्यावर सोपवा. मग कंपनीचं माणूस तिच्या घरी जातं. डॉक्टर नाही, त्याच वस्तीतलं, तिच्यासारखंच बोलणारं माणूस. त्याला दिसतं की बिल थकल्यामुळे वीज तोडली आहे, फ्रिज बंद आहे, म्हणून इन्सुलिन खराब होतंय. औषध बदलून उपयोग शून्य. विजेचं बिल भरायला हवं. २०० डॉलरचं बिल भरलं, दोन वेळचं नीट जेवण लावून दिलं, दर आठवड्याला फोन केला आणि वर्षाचा खर्च २४,००० वर आला, तर वाचलेल्या ६,००० मधला वाटा कंपनीचा. विजेचं बिल भरायचा खाना डॉक्टरच्या नगावरच्या बिलात कुठेच नसतो. उक्त्यात तो भरता येतो.

सिटीब्लॉक हेल्थ ही कंपनी या पद्धतीनं चालते. २०१७ मध्ये ती गूगलच्या मूळ कंपनीच्या एका शाखेतून बाहेर पडली. तिच्या सहसंस्थापक डॉ. टोयिन अजायी या फॅमिली डॉक्टर, २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुख झाल्या. पहिलं केंद्र २०१८ मध्ये ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्स या वस्तीत निघालं. २०२० च्या अखेरीस कंपनीचं मूल्य १०० कोटी डॉलरच्या वर धरलं गेलं. गरिबांची काळजी घेणाऱ्या कंपनीला बाजारानं एवढी किंमत द्यावी, ही तेव्हा मोठी बातमी होती.

या गणितात खोडी दोन आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली: कोण जास्त आजारी आहे हे ठरवायचं कसं? विमा कंपन्या आणि रुग्णालयं त्यासाठी संगणकाचं गणित वापरतात. असंच मोठ्या प्रमाणावर वापरात असलेलं एक गणित संशोधकांनी तपासलं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. त्या गणितात वंशाचा रकानाच नव्हता. ते फक्त पुढे खर्च किती होईल याचा अंदाज करायचं आणि ज्याचा अंदाज मोठा, तो जास्त आजारी असं धरायचं. पण सारखेच जुनाट आजार असलेल्या कृष्णवर्णीय पेशंटवर वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होते, कारण त्यांच्यापर्यंत उपचारच कमी पोचत होते. संगणकाला वाटलं, हे लोक धडधाकट. चूक दुरुस्त केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं त्यांना आढळलं. ज्याच्यावर कधी खर्चच केला नाही, तो स्वस्त दिसणारच. उक्त्याची रक्कम अशा गणितावरून ठरली तर कंपनीला सगळ्यात आजारी माणसासाठी सगळ्यात कमी पैसे मिळतील.

दुसरी खोडी जास्त बोचरी आहे. सगळ्यात महागड्या पेशंटना हेरून घरापर्यंत मदत पोचवायची, ही कल्पना ज्या गावात गाजली ते न्यू जर्सी राज्यातलं कॅमडेन. कार्यक्रम जगभर नावाजला गेला, कारण त्यात आलेल्या पेशंटचे रुग्णालयातले खेटे झपाट्यानं कमी होत. मग कुणीतरी नीट चाचणी केली: ८०० पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. जानेवारी २०२० मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत पुन्हा भरती झालेले, कार्यक्रमात ६२.३ टक्के, नेहमीच्या उपचारांत ६१.७ टक्के. फरक नाहीच.

खेटे तर कमी होत होते, मग ते कमी कशानं झाले? मे महिन्यात कूलर चालवून विजेचं बिल भरमसाट येतं. वैतागून तुम्ही घरातले सगळे बल्ब बदलता. जुलैत बिल निम्म्यावर. बल्ब विकणारा म्हणणार, बघा! पण पाऊस पडला, कूलर बंद झाला, हे कारण. माणूस त्याच्या सगळ्यात वाईट काळात हेरला की त्यानंतर बहुतेकदा तो थोडा सावरतोच, तुम्ही काही करा अथवा न करा. या क्षेत्रातली कुठलीही कंपनी 'आम्ही भरतीचं प्रमाण इतक्या टक्क्यांनी घटवलं' म्हणाली की मला आता आधी पाऊस आठवतो. तुलनेला दुसरा गट होता का, एवढं विचारावं. बहुतेक जाहिरातींत नसतो.

म्हणून ज्या एका प्रयोगात दुसरा गट होता आणि तरीही फरक डोळ्यांत भरला, तो मला या सगळ्यात जवळचा वाटतो. तो झाला लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ सलूनमध्ये.

कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाब फार आणि दवाखान्याची पायरी चढणारे कमी. त्यामागे इतिहास आहे. अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो ते पाहिलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. आजोबांच्या पिढीची ही गोष्ट घरात सांगितली जाते. सलूनची गोष्ट वेगळी. दर दोन आठवड्यांनी तीच खुर्ची, तोच माणूस, वर्षानुवर्षं. नोकरी गेली, पोरगी पळून गेली, सगळं तिथे बोललं जातं.

२०१८ मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात ३१९ गिऱ्हाइकं होती, सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला. अर्ध्या सलूनमध्ये कारागिरानं फक्त सांगायचं: मीठ कमी करा, डॉक्टरकडे जा. बाकीच्यांमध्ये औषधतज्ज्ञ स्वतः सलूनमध्ये येऊन बसला. तिथेच रक्तदाब मोजायचा, डॉक्टरांशी ठरलेल्या करारानुसार तिथेच गोळ्या लिहून द्यायच्या, पुढच्या वेळी त्या बदलायच्या. सहा महिन्यांनी नुसतं सांगितलेल्या गटात वरचा आकडा सरासरी ९ नं उतरला होता. औषधतज्ज्ञ बसला तिथे २७ नं. या दुसऱ्या गटातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांचा रक्तदाब १३०/८० च्या आत आला. पहिल्या गटात हेच प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास.

यात अ‍ॅप नाही, नवं औषध नाही. गोळ्याही आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात त्याच. अँड्र्यू सग्ज यांच्या लिव्ह चेअर हेल्थसारख्या कंपनीनं सलूनची हीच वाट धरली. पण औषधतज्ज्ञाच्या गाडीच्या पेट्रोलचे आणि त्याच्या दिवसाचे पैसे नगावरच्या जगात कुणी देत नाही. उक्तं घेणारी विमा कंपनी गाठली तरच हे जमतं.

विश्वासाची दुसरी वाट म्हणजे आपल्यासारखा दिसणारा डॉक्टर शोधून देणं. अ‍ॅशली विझ्डम यांचं 'हेल्थ इन हर ह्यू' कृष्णवर्णीय बायकांना तेच करून देतं. उपयोगी आहे, मर्यादाही उघड आहे. लोकसंख्येत १३-१४ टक्के असलेल्या समाजाचे डॉक्टर ५-६ टक्क्यांच्या घरात. १९१० मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांचं परीक्षण करणारा एक अहवाल आला आणि त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली. यादी कितीही छान केली तरी न शिकलेले डॉक्टर तिच्यात येणार कुठून?

गुंतवणुकीचं थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला, त्यानंतर कृष्णवर्णीय संस्थापकांकडे पैसा वळला, तरी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टार्टअपमधल्या एकूण गुंतवणुकीतला त्यांचा वाटा दीड टक्क्याच्या आतच होता. २०२३ मध्ये तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली घसरला. नॅशव्हिलमध्ये मार्कस व्हिटनी यांनी फक्त कृष्णवर्णीयांच्या आरोग्य कंपन्यांसाठी 'जंपस्टार्ट नोव्हा' हा ५.५ कोटी डॉलरचा फंड उभारला, २०२२ मध्ये. उलट बाजूला अटलांटाचा 'फिअरलेस फंड' कृष्णवर्णीय बायकांना २०,००० डॉलरचं अनुदान देत असे, फक्त त्यांनाच पैसे देणं हा वंशभेद आहे असं म्हणून त्यावर खटला झाला. खटल्यात आधार घेतला तो १८६६ च्या कायद्याचा, जो गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड होऊन ते अनुदान बंद झालं.

आणि मूळ झराच आटायला लागला आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यानं मेडिकेडचा निधी कापला. २०२७ पासून अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार. २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा तिथल्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशोब आहे. उक्तं काम घेणाऱ्याची भिंतच कुणी काढून नेली तर तो विटा लावणार कुठे?

हे सगळं स्टार्टअप या शब्दाच्या आधीपासून चालू आहे. दलित पँथरनं १९७२ मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर्सनी अनेक शहरांत मोफत दवाखाने चालवले होते आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्या केल्या होत्या. हा आजार विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या माणसाला नवा नाही. पण मला आठवतो तो पिट्सबर्ग शहरातला हिल हा मोहल्ला. १९६० च्या दशकात तिथे माणूस कोसळला तर पोलिसांची गाडी यायची, कैद्यांना नेतात तीच, आणि माणसाला मागे टाकून न्यायची. 'फ्रीडम हाउस' नावाची कृष्णवर्णीयांची संस्था तेव्हा मोहल्ल्यात गाडीवरून भाजी विकत होती. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या तंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. पीटर साफर यांना हाताशी धरून त्यांनी १९६७ मध्ये अँब्युलन्स सुरू केली. वस्तीतली बेकार पोरं उचलली आणि त्यांना शेकडो तास शिकवलं: श्वासनलिकेत नळी घालणं, हृदय चालू करणं. तोवर अमेरिकेत असं रस्त्यावर करणारं जवळपास कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी घडवलेला अभ्यासक्रम पुढे देशभर गेला.

१९७५ मध्ये शहरानं ती सेवा स्वतःकडे घेतली. सगळ्यात अनुभवी पोरांना परीक्षा आणि अटी लावून हळूहळू बाहेर काढलं, त्यांच्या डोक्यावर गोरे नवशिके बसवले. टिकून राहिलेल्या थोड्यांपैकी एक जॉन मून. तो चढत चढत त्या खात्याचा सहायक प्रमुख झाला आणि वस्त्यांमधून नवी पोरं भरती करत राहिला. त्यात एक मुलगी होती, अमेरा गिलख्रिस्ट. २०२३ मध्ये ती पिट्सबर्गच्या अँब्युलन्स खात्याची प्रमुख झाली.